गुडघा बदलण्याआधी रक्ताचा हिशेब

गुडघ्याच्या वाट्या बदलायचं ठरतं, तारीख मिळते, बाहेरगावचा मुलगा रजा टाकून यायच्या तयारीत असतो, आणि फिटनेससाठी केलेल्या तपासण्यांत आईचं हिमोग्लोबिन ९.६ निघतं. घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "दोन बाटल्या चढवून घेऊ या का? म्हणजे तारीख चुकायला नको." भूल देणारा डॉक्टर म्हणून माझं उत्तर बहुतेकदा असं असतं, की तारीख चुकू द्या. सांधेरोपण ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. पाच-सात वर्षं त्रास दिलेला गुडघा आणखी सहा आठवडे थांबू शकतो. अंगात स्वतःचं रक्त तयार व्हायला मात्र तेवढे आठवडे लागतातच.

हा लेख अशा रुग्णांसाठी आहे आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी, कारण फायली घेऊन फिरतात ते घरचेच. औषधं कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. काय विचारायचं आणि कधी विचारायचं, एवढं तुमच्या हातात असावं म्हणून लिहितो आहे.

आधी रक्त जातं किती, ते पाहू. ऑपरेशन चालू असताना मांडीला बहुधा हवेचा पट्टा आवळलेला असतो. त्याला टूर्निके म्हणतात. त्यामुळे टेबलावर रक्त फारसं दिसत नाही. सर्जन बाहेर येऊन "काहीच रक्त गेलं नाही" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. खरा रक्तस्राव पट्टा सोडल्यावर सुरू होतो आणि पुढचे एक-दोन दिवस आतल्या आत चालतो. कापलेल्या हाडातून झिरपलेलं रक्त सांध्यात आणि आसपासच्या मांसात मुरतं. चौथ्या दिवशी मांडी आणि पोटरी काळी-निळी दिसते, ती त्याचीच खूण. या न दिसणाऱ्या रक्ताचं मोजमाप संशोधकांनी केलं तेव्हा एका गुडघ्यामागे एकूण दीड लिटरच्या आसपास रक्त जातं आणि त्यातलं जवळपास निम्मं बाहेर दिसतच नाही, असं आढळलं. आता औषधांमुळे हा आकडा खाली आला आहे, पण घरच्या हिशेबासाठी एक लिटर धरून चला.

५५ किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. त्यातलं एक लिटर गेलं आणि जागा सलाईनने भरली, तर १३ वर असलेलं हिमोग्लोबिन पावणेदहाच्या आसपास येतं. तीच बाई १० वर टेबलावर आली असेल तर ते साडेसातला पोचतं. सर्जन तेच, हात तेच, गेलेलं रक्तही तेवढंच. पहिली बाई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालते. दुसरीला उठून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि नर्स रक्तपेढीला फोन लावते. ठेंगण्या, कमी वजनाच्या बायकांना हा फटका जास्त बसतो, कारण मुळात रक्तच कमी आणि जाणारं मात्र त्या प्रमाणात कमी नसतं.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्तक्षयाबद्दल २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं, की बायकांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ हा जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा निकष इथे बाजूला ठेवावा आणि दोघांसाठी १३ हीच पातळी धरावी. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतात. १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. अशा देशात "बाईमाणसाला ११ म्हणजे चांगलंच आहे" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. स्वयंपाक करायला, बाजारात जायला ११ पुरत असेल. एक लिटर रक्त गमावायला ते पुरत नाही.

आता प्रश्न असा, की रक्त मुळात कमी का झालं? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण घाई होते ती इथेच. रिपोर्टवर "हिमोग्लोबिन कमी" एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यावर टॉनिकची बाटली सुरू होते. पण गुडघेदुखीच्या रुग्णाला रक्तक्षय असतो तेव्हा पुष्कळदा त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असतो. गुडघा दुखतो म्हणून माणूस डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या खातो. कधी चिठ्ठीवर, बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून तशाच. वर्षानुवर्षं. या गोळ्या जठराच्या अस्तराला जखमा करतात, तिथून रोज थोडं थोडं रक्त झिरपतं, आणि ते इतकं कमी असतं की शौचाचा रंगही बदलत नाही. मग पित्त होतं म्हणून पँटोप्राझोल सुरू होतं. ते जठरातलं आम्ल कमी करतं, आणि आम्ल कमी झालं की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. एका गोळीने रक्त घालवायचं आणि दुसरीने भरून निघू द्यायचं नाही, असा हा प्रकार. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल आणि माणूस शाकाहारी असेल तर बी-१२ ही खालावलेलं असतं. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा उघड झालं आहे. अशी पुडी घेतली असेल तर लाजू नका, भूलतज्ज्ञाला जरूर सांगा. त्याला ते माहीत असणं तुमच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

म्हणून रक्तक्षय दिसला की एवढ्या तपासण्या मागून घ्या : सीबीसी, तोही पेशींच्या आकारासकट; सीरम फेरिटिन; ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन; सीआरपी; बी-१२ आणि क्रिएटिनिन. सगळ्या एकदाच रक्त काढून होतात. यातली फेरिटिन ही तपासणी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत जास्त वेळा राहून जाणारी. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ धरलं, तर फेरिटिन म्हणजे कोठीतले गहू. डबा भरलेला दिसतो, पण कोठी रिकामी असेल तर पाहुणे आले की पंचाईत. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. पण प्रयोगशाळेने छापलेल्या 'नॉर्मल' मर्यादेवर इथे विसंबू नका. अंगात कुठलीही जुनी सूज असेल, म्हणजे आमवात किंवा जुनाट जंतुसंसर्ग, तर फेरिटिन खोटं वाढतं. अशा वेळी ते १०० पर्यंत असलं आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असलं, तरी लोह कमीच आहे असं समजतात. सीआरपी करायची ती त्याचसाठी.

लोह कमी निघालं, तर ते गेलं कुठे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाळी चालू असलेल्या बाईला कारण बहुधा समोरच असतं. फायब्रॉइडमुळे भरमसाट जाणारी पाळी "या वयात असं व्हायचंच" म्हणून सोसलेली असते. मूळव्याधीचं रक्त जात असतं, पण ते सांगायला माणसं कचरतात. पाळी गेलेली बाई किंवा कुठल्याही वयाचा पुरुष असेल तर मात्र पोटाच्या डॉक्टरांना दाखवून दुर्बिणीची तपासणी करायची की नाही ते विचाराच. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी एवढीच असते. आधी कर्करोग सापडला तर गुडघा नंतर होईल. उलटा क्रम परवडणारा नाही.

काही जणांचं लोह व्यवस्थित असतं, तरी पेशी लहान आणि हिमोग्लोबिन १०-११. असं असेल तर थॅलेसेमिया मायनर तपासावा लागतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांत हे जास्त आढळतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल डोक्यात ठेवावा लागतो. एचपीएलसी या एका तपासणीत दोन्ही कळतं. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह कमी नसताना लोहाच्या गोळ्या खाऊन काही उपयोग नसतो. सिकलसेल असेल तर मांडीला पट्टा आवळायचा की नाही, हाच निर्णय वेगळा होतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर रक्त तयार करायचा संदेश देणारं एरिथ्रोपोएटिनच कमी पडतं. त्याची इंजेक्शनं मिळतात, पण त्यांनी रक्तवाहिनीत गुठळी व्हायचा धोका वाढतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तो धोका आधीच असतो. त्यामुळे ती किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच.

लोह भरून काढायचा हिशेबही एकदा बघून घ्या. ६० किलो वजन, हिमोग्लोबिन ९.५ आणि ते १३ वर न्यायचं, तर डॉक्टर वापरतात त्या सूत्राप्रमाणे साठ्यासकट सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. चांगल्या जेवणातून आपलं शरीर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. गूळ-शेंगदाणे, खजूर, अळिवाचे लाडू खा. माझा विरोध नाही. पण चार आठवड्यांत त्यांनी ऑपरेशनजोगं रक्त होईल, ही आशा सोडा. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा समज तर घराघरांत पक्का बसला आहे. त्यांत लोह जेमतेमच असतं. आहारात खरोखर फरक पडतो तो दोन गोष्टींनी. जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घ्या आणि जेवणानंतरचा चहा तास-दीड तास पुढे ढकला. मांसाहारी असाल तर मटणाची कलेजी भाजीपाल्यापेक्षा कितीतरी पटीने कामाची. लोखंडी कढई असेल तर ती माळ्यावरून खाली काढा.

वेळ हातात असेल, म्हणजे दीड-दोन महिने, तर गोळ्या पुरतात. गोळी रोज दोनदा-तीनदा घेण्यापेक्षा दिवसातून एकदा किंवा दिवसाआड घेतलेली बरी, असं अलीकडे दिसून आलं आहे. मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्याचं दार अडवतं. जास्त गोळ्यांनी मग बद्धकोष्ठ तेवढा वाढतो. गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. गुडघ्याच्या रुग्णांना कॅल्शियम बहुतेक चालूच असतं, म्हणून ही सूचना. एक सकाळी, दुसरी रात्री. शौच काळी होईल, त्याला घाबरायचं कारण नाही. पण ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची होत असेल, तर ते गोळीमुळे नसून पोटात रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दाखवा. तीन-चार आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करा. हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढलेलं नसेल तर गोळी लागू पडत नाही, असं समजून पुढचा विचार करायचा.

तो पुढचा विचार म्हणजे शिरेतून लोह. गोळी सोसत नसेल, शोषली जात नसेल किंवा तारखेला महिनाभरच उरला असेल, तर हा मार्ग चांगला. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे औषध एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत देता येतं. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण ते २०० मिलिग्रॅमच्या बेताने विभागून द्यावं लागत असल्याने चार-पाच खेपा होतात. ज्यांना तालुक्याच्या गावाला जायलाच अर्धा दिवस लागतो, त्यांनी प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च धरून मग स्वस्त-महाग ठरवावं. "शिरेतून लोह दिलं की रिअ‍ॅक्शन येते" ही भीती जुन्या काळच्या औषधांमुळे बसली आहे. हल्लीच्या औषधांत गंभीर रिअ‍ॅक्शन फार क्वचित येते. तरी ते घरी बोलावलेल्या कंपाउंडरकडून घेऊ नका. जिथे डॉक्टर आणि तातडीची औषधं हाताशी आहेत अशाच ठिकाणी घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. औषध जाताना सुईपाशी आग झाली तर लगेच ओरडून सांगा. ते बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हे देत नाहीत. परिणाम आठवड्याभरात सुरू होतो आणि तीन-चार आठवड्यांत पुरता दिसतो. आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी रक्त वाढलेलं मिळत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांआधी शिरेतून लोह दिल्यावर रक्त चढवण्याचं प्रमाण कमी होतं का, हे ब्रिटनमध्ये 'प्रिव्हेंट' नावाच्या चाचणीत तपासलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला तो निराशाजनक होता. हिमोग्लोबिन वाढलं, पण रक्त चढवण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हा लोह म्हणजे जादू नव्हे. कारण शोधून, लोह खरंच कमी आहे हे पाहून, पुरेसा वेळ ठेवून दिलं तरच ते कामाला येतं, आणि तेही पुढे सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींच्या जोडीने.

आता सुरुवातीच्या त्या दोन बाटल्यांकडे. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनआधी आकडा सजवण्यासाठी रक्त चढवू नये, हे माझं ठाम मत आहे. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एक ग्रॅमने वाढतं. बदल्यात ताप, अ‍ॅलर्जी, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर द्रवाचा ताण, क्वचित चुकीच्या गटाची पिशवी लागणं, हे सगळे धोके पदरात येतात. सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाणही रक्त चढवलेल्या रुग्णांत जास्त दिसतं, आणि बसवलेल्या सांध्यात पू होणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत वाईट गोष्ट आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा छातीत दुखत असेल, तर रक्त द्यावं लागेलही. पण तो माणूस गुडघ्याच्या टेबलावर जायच्या अवस्थेतच नसतो. स्वतःचंच रक्त आधी काढून साठवायची पद्धतही एके काळी चालत असे. ती मागे पडली. रक्त काढल्यामुळे माणूस रक्तक्षयी होऊनच ऑपरेशनला येई.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत दोन्ही बाजूंनी चुका होतात. कुणी सांगतच नाही, आणि कुणी शेजाऱ्याच्या सल्ल्याने स्वतःच बंद करून बसतो. वॉरफरीन साधारण पाच दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी आणि अ‍ॅपिक्सॅबॅन किंवा रिव्हारॉक्सॅबॅन दोन-तीन दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. स्टेंट बसून फार दिवस झाले नसतील तर ऑपरेशनच पुढे ढकलतात. हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांचं यावर एकमत कागदावर लिहून घ्या. वेदनाशामक गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. मधल्या काळात पॅरासिटामॉलवर निभावावं लागतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, चूर्णं, काय काय घेता ते सगळं पिशवीत घालून फिटनेसच्या दिवशी टेबलावर ओता. आम्हाला राग येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी रक्त वाचवण्याचं सगळ्यांत मोठं काम ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड करतं. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक पती-पत्नींनी १९६२ मध्ये ते जगापुढे आणलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका दगावू नयेत, ही त्यामागची ओढ होती. पाळीत फार जातं म्हणून याच्या गोळ्या आपल्याकडच्या पुष्कळ बायकांनी घेतलेल्या असतात. शरीर जखमेवर गुठळी बसवतं आणि मागोमाग ती विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळवणं अडवतं. नवी गुठळी ते करत नाही. तरीही "याने पायात गुठळी होईल" अशी शंका लोकांना येते. गुडघा आणि खुब्याच्या रोपणातल्या अनेक अभ्यासांत तसं वाढलेलं प्रमाण दिसलेलं नाही. साधारण एक ग्रॅम शिरेतून चीर देण्याआधी, गरजेप्रमाणे पुन्हा एकदा, किंवा थेट सांध्यात सोडून असं ते देतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो. पूर्वी फिट्स येत असतील, किंवा नुकताच अर्धांगाचा झटका, हृदयविकार वा पायात गुठळी झाली असेल, तर ते आधी सांगा. एका पिशवी रक्ताच्या खर्चापुढे या औषधाची किंमत किरकोळ आहे. सर्जनना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा : "ट्रानेक्झामिक देणार ना?"

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मणक्यातून भूल दिली तर पूर्ण भुलीपेक्षा रक्त थोडं कमी जातं. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणून थिएटरमध्ये गरम हवेचं पांघरूण असावं. टूर्निकेने ऑपरेशन स्वच्छ दिसतं, पण एकूण जाणारं रक्त त्याने फारसं कमी होत नाही. त्यामुळे तो वापरणं न वापरणं सर्जनवर सोडा. जखमेत नळी ठेवल्याने रक्त चढवायची वेळ उलट जास्त येते असं आढळल्याने पुष्कळ जण आता नळी ठेवत नाहीत. संगणकाच्या किंवा रोबोटच्या मदतीने केलेल्या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालावी लागत नाही, म्हणून रक्त थोडं वाचतं. पण तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजावेत असं मला वाटत नाही. तो पैसा आणि वेळ आधीच्या सहा आठवड्यांवर घालवलेला बरा.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का? आपल्याकडे ही हौस फार. एकच भूल, एकच खर्च, मुलाची एकच रजा. तब्येत ठणठणीत आणि हिमोग्लोबिन १३ च्या वर असलेल्यांनी हा विचार खुशाल करावा. रक्तक्षय असलेल्याने करू नये. जाणारं रक्त जवळपास दुप्पट होतं आणि वर केलेला सगळा हिशेब कोसळतो. पॅकेजमध्ये दुसरा गुडघा स्वस्तात पडतो, हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन सर्वांत खाली जातं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. रिपोर्टवर ८.९ दिसलं की घरचे हवालदिल होतात आणि रक्ताची मागणी करतात. यावर उत्तर देणारा एक मोठा अभ्यास अमेरिका आणि कॅनडातल्या २०१६ रुग्णांवर झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खुब्याचं हाड मोडलेले, सरासरी ऐंशीच्या पुढचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले हे रुग्ण होते. निम्म्यांना हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त दिलं. उरलेल्यांना ८ च्या खाली गेलं किंवा त्रास दिसला तरच. साठ दिवसांनी चालता येणं आणि जिवंत असणं या दोन्हींत फरक नव्हता. रक्त चढवण्याच्या क्षेत्रातल्या एएबीबी या संस्थेच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही हाडांच्या शस्त्रक्रियेनंतर आणि हृदयविकार असलेल्यांसाठी ८ हीच पातळी सुचवली आहे. आकड्याइतकंच महत्त्व माणसाकडे बघण्याला आहे. छातीत दुखणं, धाप, झोपलेलं असतानाही धडधड, उठल्यावर चक्कर आणि ती सलाईन देऊनही न जाणं, हे असेल तर ८.५ ला सुद्धा रक्त लागू शकतं. नसेल तर नाही. आणि द्यायचं झालं तरी एक पिशवी द्यायची, पुन्हा बघायचं, मग दुसरी. "एक दिली तर दोन देऊन टाकू" या सवयीला वैद्यकीय आधार नाही.

"माझ्या मुलाचंच रक्त द्या" असा आग्रहही नेहमी होतो. सख्ख्या नात्यातलं रक्त जास्त सुरक्षित असतं, हा गैरसमज आहे. उलट जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरावर उलटण्याचा एक दुर्मीळ पण प्राणघातक धोका असतो, आणि तो टाळायला त्या पिशवीवर किरणांची प्रक्रिया करावी लागते. मुलाने रक्तदान जरूर करावं, पण ते रक्तपेढीच्या साठ्यात जाऊ द्यावं. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, शिबिरं थंडावतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो. ऑपरेशन त्या दिवसांत ठरलं असेल तर तुमच्या गटाची पिशवी राखून ठेवली आहे ना, हे आधीच विचारा. दुर्मीळ गट असेल तर विशेष.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस उठताना घाई नको. आधी कडेला बसा, पाय हलवा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन नव्या गुडघ्यावर पडण्याइतकं दुर्दैव नाही. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीच्याच डोसने सुरू करायच्या का, ते डिस्चार्जच्या वेळी विचारा. रक्त कमी झालेल्या माणसाचा दाब काही दिवस खालीच असतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम औषध चालू असतं, त्यावर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका. नाहीतर पोटातला जुना रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. ड्रेसिंग भिजून ओलं होणं, पोटरी टणक होऊन दुखणं, काळी चिकट शौच, बसल्या बसल्या धाप लागणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

लोहाची गोळी नंतरही लागते, आणि ती सोडून देण्याचं प्रमाण खूप आहे. एक लिटर रक्ताबरोबर सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह गेलेलं असतं, रक्तक्षयात त्याहून काहीसं कमी. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरातल्या सुजेमुळे हेप्सिडिन वाढलेलं असतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून आधीपासूनच लोह कमी असलेल्याला रुग्णालयातून सोडण्यापूर्वी शिरेतून लोहाचा एक डोस देता येईल का, ते विचारून ठेवा. फेरिटिनची तपासणीही लगेच करू नका. त्याच सुजेमुळे ते महिना-दोन महिने फुगलेलं दिसतं. सीबीसी सहा आठवड्यांनी आणि फेरिटिन तीन महिन्यांनी, असं साधारण धरा. दुसराही गुडघा करायचा असेल तर सर्जनकडे त्याची तारीख मागायला जाल तेव्हा हे दोन्ही रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर लावलेले असू द्या. हिमोग्लोबिन १३ च्या खाली किंवा फेरिटिन १०० च्या खाली असेल, तर तारखेआधी त्याबद्दल बोला.